'गेट'चा अर्थ त्याच्या पुढच्या शब्दात असतो

इंग्रजीतलं 'गेट' हे क्रियापद आपण 'मिळणे' किंवा 'मिळवणे' या एका अर्थाने शिकतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. (हे ऱ्हस्व उच्चाराचं 'गेट'. फाटकाच्या 'गेट'शी त्याचा काही संबंध नाही.) 'इट्स गेटिंग लेट', 'गेट होम सेफली', 'गेट युअर हेअर कट', 'आय डिडन्ट गेट द जोक' ही चार वाक्यं बघा. कुठेच काही मिळत नाहीये. उशीर होतोय, नीट घरी पोहोच, केस कापून घे, विनोद कळला नाही. मराठीत प्रत्येक वेळी वेगळं क्रियापद लागलं.

यावर उपाय म्हणून लोक शब्दकोशातले अर्थ पाठ करायला बसतात. अर्थ आहेत भरपूर, पण पाठांतराची गरज नाही. 'गेट'च्या लगेच पुढे काय आलंय तेवढं पाहावं: नाम आहे, विशेषण आहे, ठिकाण आहे, क्रियापदाचं तिसरं रूप आहे, की 'टू' लावून दुसरं क्रियापद आहे. अर्थ त्यावर ठरतो, आणि समानार्थी शब्दही त्यावरच ठरतो. म्हणूनच 'गेट'चे समानार्थी शब्द एका ओळीत मांडलेली यादी फारशी कामाची नसते. 'रिसीव्ह', 'बिकम', 'रीच', 'पर्स्वेड' हे चारही 'गेट'चे समानार्थी आहेत, पण एकमेकांचे मुळीच नाहीत.

पुढे नाम आलं तर अर्थ मिळण्याचा किंवा आणण्याचा. इथे 'रिसीव्ह', 'ऑब्टेन' आणि 'अक्वायर' या तिघांत सर्वांत जास्त गफलत होते. 'रिसीव्ह'मध्ये मिळवणारा काही करत नाही, देणारा देतो आणि वस्तू याच्याकडे येते. पत्र, भेटवस्तू, उत्तर, तक्रार, पुरस्कार या गोष्टी 'रिसीव्ह' होतात. 'ऑब्टेन'मध्ये मिळवणाऱ्याची खटपट असते आणि बहुतेकदा काही रीतसर प्रक्रियाही असते. परवानगी, प्रत, माहिती, प्रयोगातून आलेले निष्कर्ष 'ऑब्टेन' केले जातात. 'अक्वायर' म्हणजे मिळवून आपलंसं करणं. मिळालेली गोष्ट पुढे आपल्याकडे राहते असा त्यात भाव असतो, म्हणून कौशल्य, भाषा, जमीन, एखादी कंपनी, एखाद्या चवीची आवड यांना तो शब्द शोभतो. आता 'आय अक्वायर्ड युअर ईमेल' का चुकीचं वाटतं ते लक्षात येईल. ईमेल पाठवणाऱ्याने पाठवला आणि तो तुमच्याकडे आला, तुम्ही तो कमावला नाहीत.

याच घरातले आणखी काही शब्द आहेत. आधीच असलेल्या गोष्टीत भर पडते तेव्हा 'गेन': वजन, अनुभव, आत्मविश्वास. इतरही मागे असताना एखादी गोष्ट पक्की आपल्या पदरात पडते तेव्हा 'सिक्युअर': जागा, कंत्राट, निधी. संस्थेसाठी रीतसर सामान मिळवायचं असतं तेव्हा 'प्रोक्युअर', जो घरगुती बोलण्यात अगदी बोजड वाटतो. आणि जाऊन, घेऊन, परत येण्याच्या क्रियेला 'फेच'. 'गेट द चेअर फ्रॉम द नेक्स्ट रूम' मधल्या 'गेट'ला 'फेच' चालतो, 'ऑब्टेन' चालत नाही. आजाराचं मात्र निराळं आहे. सर्दीसाठी 'गेट अ कोल्ड' किंवा 'कॅच अ कोल्ड' म्हणतात, 'रिसीव्ह अ कोल्ड' कोणी म्हणत नाही.

नामाच्या रचनेत 'गेट'ची एक सोय आहे जी 'ऑब्टेन', 'अक्वायर' या त्याच्या भारदस्त भावंडांना नाही. त्याला दोन कर्मं घेता येतात: 'गेट मी अ चेअर', म्हणजे मला खुर्ची आणून दे. 'ऑब्टेन मी अ चेअर' हे चालत नाही, 'अक्वायर मी' तर नाहीच. हेच वाक्य उलटं करायचं असेल तर 'गेट अ चेअर फॉर मी' म्हणावं. आपण 'मला' या शब्दावरून 'टू मी' लावतो, पण 'गिव्ह'ला 'टू' लागतं आणि 'गेट'ला 'फॉर'. देताना वस्तू त्या माणसाकडे जाते, आणताना ती त्याच्यासाठी आणली जाते, असा तो फरक आहे.

पुढे विशेषण आलं की 'गेट' म्हणजे 'होणे'. 'गेट अँग्री', 'गेट टायर्ड', 'गेट रेडी', 'गेट वेट'. आधी एक स्थिती होती, आता दुसरी आली. जवळचा समानार्थी 'बिकम', पण दोघांत एक भिंत आहे: 'बिकम'पुढे नाम चालतं, या अर्थाच्या 'गेट'पुढे चालत नाही. 'शी बिकेम अ डॉक्टर' म्हणजे ती डॉक्टर झाली. 'शी गॉट अ डॉक्टर' म्हणजे तिने डॉक्टरला बोलावून आणलं. पुढे नाम दिसताच 'गेट' आपोआप 'मिळवणे-आणणे' या अर्थावर परत जातो. त्याचप्रमाणे 'क्लिअर', 'नोन', 'अव्हेलेबल' अशा अमूर्त विशेषणांना 'बिकम' लागतो. 'इट बिकेम क्लिअर दॅट' बरोबर, 'इट गॉट क्लिअर दॅट' कानाला खटकतं.

'होणे' या अर्थाचे इतर शब्द बदलाच्या जातीप्रमाणे निवडले जातात. हळूहळू होणाऱ्या बदलाला 'ग्रो': 'ग्रो ओल्ड', 'ग्रो डार्क'. रंग किंवा हवामान पालटतं तेव्हा 'टर्न': 'टर्न रेड', 'टर्न कोल्ड', आणि दूध नासतं तेव्हा 'टर्न सावर'. वाईटाकडे जाणाऱ्या, सहसा माघारी न येणाऱ्या बदलाला 'गो': 'गो ब्लाइंड', 'गो डेफ', 'गो बॅड'. झोप लागण्याला 'फॉल अस्लीप'. यातल्या कुठल्या जागी कोणतं विशेषण बसतं हे नियमाने शंभर टक्के सांगता येत नाही. शब्द जोडीनेच लक्षात ठेवावेत, सुटे नाहीत.

पुढे ठिकाण आलं की 'गेट' म्हणजे पोहोचणे, आणि इथली चूक मराठी माणसाच्या इंग्रजीत फार दिसते. 'स्टेशनवर पोहोचलो' यातला 'वर' मनात ठेवून आपण 'आय रीच्ड टू द स्टेशन' किंवा 'रीच्ड ॲट' म्हणतो. 'रीच'ला मध्ये काहीच लागत नाही: 'आय रीच्ड द स्टेशन'. 'अराइव्ह'ला इमारत किंवा नेमक्या ठिकाणासाठी 'ॲट' लागतं, शहर किंवा देशासाठी 'इन'. 'गेट'ला 'टू' लागतं: 'आय गॉट टू द स्टेशन'. तीन समानार्थी शब्द, तिघांची तीन शेपटं. 'होम', 'हिअर' आणि 'देअर' यांच्या आधी मात्र तिघांनाही काही लागत नाही. 'गेट टू होम' हे 'रीच टू'इतकंच चुकीचं आहे.

वाहनांचा भाग यालाच लागून येतो. बस, आगगाडी, विमान यांत 'गेट ऑन' आणि उतरताना 'गेट ऑफ'. कारमध्ये 'गेट इन' आणि 'गेट आउट ऑफ'. ज्या वाहनात शिरल्यावर उभं राहता येतं, चालता येतं, त्याला 'ऑन-ऑफ'. ज्यात वाकून थेट आसनावरच बसावं लागतं, त्याला 'इन-आउट'. सायकल, मोटारसायकल आणि घोडा यांच्यावर आपण वरून बसतो, म्हणून तिथे पुन्हा 'ऑन-ऑफ'. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं 'गेट डाउन फ्रॉम द बस' हे 'उतरणे' या क्रियापदाचं थेट भाषांतर आहे. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला 'गेट डाउन' ऐकून शिडीवरून, झाडावरून किंवा भिंतीवरून खाली येणं डोळ्यांपुढे येतं. फलकावर आणि उद्घोषणेत 'बोर्ड' आणि 'अलाइट' दिसतात. ते छापील शब्द आहेत, मित्राला फोनवर सांगताना वापरू नयेत.

आता सर्वांत महत्त्वाची जागा: पुढे क्रियापदाचं तिसरं रूप. यात दोन रचना आहेत आणि त्या दिसायला जुळ्या आहेत.

पहिलीत 'गेट'ला चिकटून तिसरं रूप येतं: 'गॉट हर्ट', 'गॉट लॉस्ट', 'गॉट कॉट', 'गॉट स्टक'. हा कर्मणी प्रयोगाचाच एक प्रकार आहे, 'वॉज' ऐवजी 'गॉट' घेणारा. फरक असा की 'गॉट'मधून घटना घडल्याचं जाणवतं, बरेचदा अचानक आणि बरेचदा नको असलेली. 'द विंडो वॉज ब्रोकन' या वाक्यातून दोन गोष्टी निघू शकतात: खिडकी फुटलेल्या अवस्थेत होती, किंवा कोणीतरी ती फोडली. 'द विंडो गॉट ब्रोकन'मध्ये फक्त दुसरा अर्थ उरतो. हीच गोष्ट लग्नाची. 'दे आर मॅरीड' म्हणजे त्यांचं लग्न झालेलं आहे, 'दे गॉट मॅरीड' म्हणजे त्यांनी लग्न केलं. म्हणून 'दे हॅव बीन मॅरीड फॉर टेन इयर्स' बरोबर आणि 'दे गॉट मॅरीड फॉर टेन इयर्स' चूक. लग्न लागणं ही घटना दहा वर्षं चालत नाही. तसंच, मराठीतल्या 'कोणाशी' मधल्या 'शी' या प्रत्ययामुळे आपण 'मॅरीड विथ' म्हणतो. 'गॉट मॅरीड'ला आणि 'इज मॅरीड'ला 'टू' लागतं, आणि सुट्या 'मॅरी'ला काहीच लागत नाही.

जी क्रियापदं घटना नसून स्थिती दाखवतात ती या रचनेत बसत नाहीत. 'ही वॉज लव्ह्ड बाय एव्हरीवन' होतं, 'गॉट लव्ह्ड' होत नाही. अहवालात, शोधनिबंधात, कायद्याच्या मजकुरात तर घटनेलाही 'वॉज'च घ्यावं. 'द सॅम्पल गॉट हीटेड' असं लिहिलं तर नमुना चुकून तापला की काय अशी शंका येते.

दुसऱ्या रचनेत 'गेट' आणि तिसरं रूप यांच्या मधोमध कर्म बसतं: 'गेट द कार रिपेअर्ड'. इथे काम दुसरा करतो, आपण ते करवून घेतो. मराठीला ही कल्पना नवी नाही. 'केस कापून घेतले', 'डोळे तपासून घेतले', 'कपडे शिवून घेतले' असं आपण रोज म्हणतो, आणि या 'घेणे'चं काम इंग्रजीत 'गेट' चोख बजावतो. तरीही इंग्रजी बोलताना 'घेणे' गळून पडतं आणि 'आय कट माय हेअर' असं वाक्य तोंडातून जातं. त्याचा सरळ अर्थ, मी आरशासमोर कात्री घेऊन स्वतःच केस कापले. 'आय गॉट माय हेअर कट' म्हणायला हवं. 'आय टेस्टेड माय आईज' नाही, 'आय गॉट माय आईज टेस्टेड'. क्रम चुकला तरी वाक्य बिघडतं, 'आय गॉट कट माय हेअर' अशी रचनाच इंग्रजीत नाही. आधी 'गेट', मग वस्तू, मग तिसरं रूप, हा क्रम पक्का ठेवावा.

याच जागी 'हॅव'ही चालतो: 'आय हॅड माय हेअर कट'. दोन्ही बरोबर. 'हॅव' किंचित शांत आणि लिखाणाला जवळचा, 'गेट' बोलण्यातला आणि थोडी खटपट सुचवणारा. आज्ञार्थात मात्र मी 'गेट'च सुचवेन: 'गेट दॅट लीक फिक्स्ड'. एक खबरदारी घ्यावी. नकोशी गोष्ट आपल्या बाबतीत घडली तरी हीच रचना येते: 'शी हॅड हर फोन स्टोलन' म्हणजे तिचा फोन चोरीला गेला, तिने तो चोरून घेतला किंवा चोरवला असा नव्हे. कोणता अर्थ घ्यायचा ते संदर्भाने ठरतं.

करवून घेण्यात माणसाचा उल्लेख करायचा झाला की आणखी एक पेच येतो. 'गेट'ला 'टू' लागतं: 'आय गॉट हिम टू साइन'. 'मेक' आणि 'हॅव' यांना लागत नाही: 'आय मेड हिम साइन', 'आय हॅड हिम साइन'. अर्थही सारखे नाहीत. 'मेड'मध्ये त्याच्यावर जबरदस्ती किंवा दबाव आहे. 'हॅड'मध्ये ते त्याचं कामच होतं आणि मी सांगितलं एवढंच. 'गॉट'मध्ये तो सहज तयार नव्हता, मी समजावलं, विनवलं, कदाचित युक्तीही केली. त्यामुळे या 'गेट'चा समानार्थी 'पर्स्वेड'. 'मेक'चा कर्मणी होतो, 'ही वॉज मेड टू साइन', आणि तेव्हा न दिसणारं 'टू' परत येतं. 'गेट'चा कर्मणी होत नाही. 'ही वॉज गॉट टू साइन' लिहू नये, 'ही वॉज पर्स्वेडेड टू साइन' लिहावं.

मध्ये माणूस नसेल आणि 'गेट टू'पुढे थेट क्रियापद असेल तर अर्थ संधीचा: 'वी गॉट टू सी द रिहर्सल' म्हणजे आम्हाला सराव बघायला मिळाला. मराठीतही 'मिळणे'च आलं, हा योग चांगला आहे. पण 'हॅव गॉट टू' झालं की अर्थ सक्तीचा होतो: 'आय हॅव गॉट टू गो', मला गेलंच पाहिजे. घाईत 'हॅव' गिळून 'आय गॉट टू गो' म्हणतात, तेव्हा संधी की सक्ती हे पुढच्या-मागच्या बोलण्यावरूनच कळतं.

'हॅव गॉट'चं प्रकरण स्वतंत्रच आहे. 'आय हॅव गॉट अ पेन' म्हणजे माझ्याकडे पेन आहे, बस. रूप पूर्ण वर्तमानकाळाचं, अर्थ साध्या वर्तमानाचा. पेन कधी मिळालं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. भूतकाळात हे रूप मालकीसाठी सहसा वापरत नाहीत, तिथे साधं 'हॅड'. प्रश्न 'हॅव यू गॉट अ पेन?' असेल तर उत्तर 'येस, आय हॅव'. प्रश्न 'डू यू हॅव अ पेन?' असेल तर 'येस, आय डू'. ही दोन उत्तरं एकमेकांच्या जागी लावू नयेत.

अमेरिकन इंग्रजीत 'गॉटन' हे तिसरं रूप जिवंत आहे. ब्रिटिश इंग्रजीत ते मागे पडलं, 'फरगॉटन'सारख्या शब्दांत तेवढं शिल्लक राहिलं. अमेरिकन माणूस दोन्ही रूपं नेमकेपणाने वेगळी ठेवतो: 'आय हॅव गॉट अ टिकेट' म्हणजे तिकीट माझ्याकडे आहे, 'आय हॅव गॉटन अ टिकेट' म्हणजे मी ते मिळवलं. 'आय हॅव गॉट टू मीट हर' ही सक्ती, 'आय हॅव गॉटन टू मीट हर' ही मिळालेली संधी. ज्या पद्धतीचं इंग्रजी लिहायचं असेल ती धरून राहावं, एकाच मजकुरात दोन्ही मिसळू नयेत.

समजण्याच्या अर्थाचा 'गेट' विनोद, सूचना, मुद्दा अशा एका झटक्यात कळणाऱ्या गोष्टींसाठी आहे. 'आय गेट द पॉइंट' होतं. एखादी भाषा समजते हे सांगायला मात्र 'अंडरस्टँड' हवा. 'गॉट इट' म्हणजे आत्ता कळलं, 'आय गेट इट' म्हणजे मला कळतंय तुला काय म्हणायचंय. दाराची घंटा किंवा फोन वाजल्यावर कोणी 'आय विल गेट इट' म्हटलं, तर तो दार उघडणार आहे किंवा फोन घेणार आहे.

औपचारिक लिखाणात 'गेट' टाळतात, त्यामागे इतिहास आहे. हा शब्द इंग्रजीत स्कँडिनेव्हियन लोकांच्या बोलीतून, साधारण १२०० च्या सुमारास आला. 'रिसीव्ह', 'ऑब्टेन', 'अक्वायर' यांचं मूळ लॅटिनमध्ये. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि कायद्याच्या कामात फ्रेंच बसली आणि लॅटिन कुळातल्या शब्दांना कागदोपत्री वजन आलं. छोटा शब्द बोलण्याचा, लांब शब्द कागदाचा, ही वाटणी अजून टिकून आहे.

पण 'गेट' काढायचा म्हणून त्याच्या जागी यादीतला पहिला लांब शब्द कोंबला की मजकूर आणखी बिघडतो. रोजे यांचा प्रसिद्ध थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, १८५२ मध्ये प्रकाशित झाला, तो कल्पनांच्या गटांनुसार मांडलेला होता. शब्द माहीत आहे पण ऐन वेळी आठवत नाही, अशा माणसाला तो उपयोगी पडतो. ज्याला दोन शब्दांतला फरकच माहीत नाही, त्याने थिसॉरसमधून शब्द उचलला की तो हमखास फसतो. अशा वेळी विद्यार्थ्यांसाठीचा शब्दकोश उघडावा आणि अर्थ सोडून आधी उदाहरणाची वाक्यं वाचावीत. आपल्या वाक्यातलं नाम त्या शब्दासोबत तिथे दिसलं तरच शब्द घ्यावा.

बऱ्याचदा 'गेट' आणि त्याचा जोडीदार मिळून एकच क्रियापद तयार मिळतं. 'गॉट बेटर'साठी 'बिकेम बेटर' लिहिण्यापेक्षा 'इम्प्रूव्ह्ड' लिहावं. 'गॉट वर्स'ला 'वर्सन्ड' किंवा 'डिटिरिओरेटेड', 'गॉट बिगर'ला 'ग्रू' किंवा 'एक्स्पांडेड', 'गेट रिड ऑफ'ला 'रिमूव्ह', 'गेट इन टच विथ'ला 'कॉन्टॅक्ट'. 'कॉन्टॅक्ट' क्रियापद असताना त्याला 'विथ' लागत नाही, 'आय कॉन्टॅक्टेड देम' एवढं पुरेसं आहे. आणि बोलताना, मित्राला निरोप पाठवताना, 'गेट' बिनधास्त वापरावा. तिथे 'आय ऑब्टेन्ड अ कॉफी' म्हणणं हीच चूक आहे.

'गेट'सोबत छोटे शब्द जोडून होणाऱ्या जोड्या पुष्कळ आहेत: 'गेट अप' उठणे, 'गेट बाय' कसंबसं भागवणे, 'गेट अलाँग विथ' कोणाशी जमणे, 'गेट अवे विथ' करूनसवरून सुटणे, 'गेट अराउंड टू' एखाद्या कामाला अखेर सवड होणे. या जोड्यांत कर्म कुठे बसतं ते प्रत्येकीसोबत पाहून ठेवावं, कारण जागा बदलली की अर्थच बदलतो. 'गेट ओव्हर इट' म्हणजे त्या धक्क्यातून बाहेर ये, आणि कोरड्या आवाजात म्हटलं तर 'पुरे झालं आता'. 'गेट इट ओव्हर विथ' म्हणजे नकोसं काम एकदाचं उरकून टाक. उद्या शस्त्रक्रिया असलेल्या माणसाला धीर देताना दुसरं वाक्य म्हणायचं असतं. त्याऐवजी पहिलं म्हटलं, तर त्याची भीतीच तुम्ही उडवून लावली असं त्याला वाटेल.